पन्हाळा ते पावनखिंड : पायांनी वाचलेला इतिहास

पावनखिंडीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली आहे, आणि पुढे मुलांकडून प्रश्नोत्तरांसकट पाठही करून घेतली आहे! सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू, तोफांचे आवाज... धड्यात महाराज एका परिच्छेदात पन्हाळ्याहून निघतात आणि पुढच्या परिच्छेदात विशाळगडावर पोचतात. मधली वाट काही पुस्तकात मावत नाही. दरवर्षी जुलै महिन्यात, ऐन पावसात, हौशी माणसं ती पायी चालतात. गेल्या वर्षी आम्ही पाचजणीही चाललो.

आम्ही सांगलीच्या, एकाच भिशीतल्या. वय तिशी-चाळिशीचं, आणि रोजचं चालणं म्हणजे मंडईपर्यंत. बेत कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढं चालायचंच आहे तर पंढरपूरला जा, पुण्य तरी पदरी पडेल." ह्यांनी मात्र दोन दिवस मुलांचे डबे सांभाळायचं कबूल केलं. मग महिनाभर आम्ही पहाटे नेमाने चालायचा सराव केला. पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंतची वाट ५० किलोमीटरांच्या आसपास आहे, हे एकीनेही घरी मोठ्याने सांगितलं नव्हतं!

पन्हाळा कोल्हापूरहून जेमतेम २० किलोमीटर. तीन दरवाजा, सज्जाकोठी, धान्याची प्रचंड अंबारखाने हे पुष्कळजणींनी सहलीत पाहिलेलं असेल. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळाही आहे. आम्हांला ओढ होती ती राजदिंडीची. गडाच्या ह्याच आडवाटेने १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज बाहेर पडले. वेढ्याला तेव्हा चार महिने झाले होते. शरण येण्याची बोलणी लावून शत्रूला गाफील केलं होतं, आणि दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात नेबापूरचा शिवा काशीद बसला होता. पकडलं गेल्यावर काय होणार, हे त्याला ठाऊक होतं. राजदिंडीपाशी उभं राहिलं, की हे सगळं फार जवळचं वाटतं.

गड उतरून म्हाळुंगे गाव मागे टाकलं की चढ लागतो तो मसाईच्या पठाराचा. जांभ्या दगडाचं हे अफाट सपाट माळरान, त्यावर मसाईदेवीचं साधंसं देऊळ. पावसाळ्यात सगळीकडे हिरवं गवत आणि इतकं धुकं, की पुढे चाललेल्या मैत्रिणीची फक्त छत्री दिसावी! वारा तर असा, की त्या छत्रीचाही काही उपयोग नाही. दिवसाउजेडी, वाटाड्या सोबत असून आमची ही गत. मग रात्री, चिखलातून, खांद्यावर पालखी घेऊन सुमारे सहाशे मावळे धावले कसे असतील?

पठार उतरलं की लागतात त्या वाड्या : कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी. कौलारू घरं, दारात शेणी रचलेल्या, खाचरांतून भाताची रोपलावण चाललेली. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन बाया कमरेत वाकून लावणी करत होत्या. आमच्याकडे पाहून एक म्हातारी हसली. "कुठनं आलासा गं बायांनो? आन् चालत कशापायी?" आम्ही सांगितलं. "आमी तर रोजच चालतोय की," ती म्हणाली.

तिच्याच पडवीत आम्ही पाऊस ओसरेपर्यंत बसलो. तिने चुलीवरचा कोरा चहा दिला. बोलता बोलता तिने थोरल्या सुनेच्या बाळंतपणाची हकिगत सांगितली. अशाच पावसात रात्री कळा सुरू झाल्या. सडक तेव्हा वाडीपर्यंत आलेली नव्हती. दोन बांबूंना घोंगडं बांधून डोली केली, चार गड्यांनी खांदा दिला आणि ओढे ओलांडत सडकेपर्यंत नेलं. "पोरगा जगला. आता कालिजात हाय," ती म्हणाली, आणि शेणकुटं सारून चुलीला फुंकर घालू लागली. आम्ही पाचहीजणी गप्प. पालखीची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या आम्हांला ही डोली कुणी सांगितलीच नव्हती. ह्या मुलखात अंतर म्हणजे काय, ते इथल्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

करपेवाडीच्या आसपास रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी रानातली वाट धरली. म्हसवड्यानंतर पांढरेपाणी, आणि मग ती खिंड. तिचं मूळ नाव घोडखिंड. पाठलाग करणाऱ्यांना बाजीप्रभूंनी निवडक मावळ्यांनिशी इथेच अडवलं आणि महाराजांना पुढे धाडलं. विशाळगडाच्या पायथ्याशीही शत्रू होताच. तो फोडून महाराज गडावर पोचल्याची तोफ होईपर्यंत बाजीप्रभू लढत राहिले. आता खाली उतरायला लोखंडी शिडी आहे. दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मधून खळाळणारा ओढा. जागा इतकी अरुंद, की थोड्या माणसांनी पुष्कळांना कसं रोखलं ते न सांगता कळतं. आम्ही दोन दिवस घेतलेली वाट त्यांनी एका रात्रीत कापली होती, आणि वर लढाई!

एक गोष्ट मात्र सलली. ओढ्याकाठी, बांधांवर बिस्किटांचे कागद आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या. जयजयकार करत जाणारे आपण, आणि आपला कचरा वेचायचा कुणी? भात लावणाऱ्या त्या बायांनी?

जायचं मनात असेल तर थोडं सांगते. एकट्यादुकट्या जाऊ नका. माहीतगार गटाबरोबर आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच जा. महिनाभर आधी चालायचा सराव हवाच. साडीऐवजी सलवार-कमीज किंवा पँट बरी. बुटांचा तळ खाचांचा असावा, आणि नवे बूट नकोत. सुके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. रानात जळवा लागतात, मिठाची पुरचुंडी जवळ असू द्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे दोन दिवस छान टिकतात. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी न्या आणि भरून परत आणा. आणि वाडीत कुणी चहा दिला, तर घाई न करता दोन घटका बसा. त्या घराचीही एक गोष्ट असते.