कानांनी केलेली खरेदी

बालमित्रांनो, तुमच्या घरी गाणी कशावर ऐकतात? बहुतेक जण म्हणाल, "मोबाइलवर!" आणि तेही आपापल्या. एकाच्या कानात एक गाणं, दुसऱ्याच्या कानात दुसरं. आमच्या नाशिकच्या घरीही तसंच होतं. सातवीतल्या मुलीच्या कानात इअरफोन. चौथीतला मुलगा मोबाइलवर नाशिक ढोल लावून नाचणार. ह्यांच्या बातम्या चालू. आणि आजोबा, म्हणजे माझे सासरे? त्यांनी गाणं ऐकणंच सोडून दिलं होतं.

त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं असं नाही. गप्पा ते छान मारत. पण पं. द. वि. पलुस्करांचं गाणं मोबाइलवर लावून दिलं की दोन मिनिटांत म्हणायचे, "बंद कर गं. पत्र्याच्या डब्यातून गातायत असं वाटतं." पलुस्कर आपल्या नाशिकचे, बरं का! १९२१ साली त्यांचा जन्म नाशिकला झाला आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचं गाणं आता फक्त ध्वनिमुद्रणांतच उरलं आहे. ऐकणाऱ्यानंच कान फिरवला तर काय राहिलं?

आजोबांना कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "वयाप्रमाणे आहे." याचा अर्थ समजून घ्या हं. निरोगी, तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. वय वाढलं की आधी वरचे, बारीक आवाज कमी होत जातात. मोबाइलचं उलट. त्याचा स्पीकर नखाएवढा! खालचे, जाड आवाज काढायला भरपूर हवा ढकलावी लागते. ते काम एवढ्याशा स्पीकरला कसं जमणार? म्हणजे वरचे आवाज वयानं नेले आणि खालचे मोबाइलनं. आजोबांच्या वाट्याला मधला एक तुकडा उरला.

मग घरात बैठक बसली. वर्षभर बाजूला टाकलेले बारा हजार रुपये होते. त्यात सगळ्यांनी मिळून ऐकायचा एक स्टिरिओ घ्यायचा असं ठरलं. बारा हजार म्हणजे आमच्यासारख्यांना काही थोडे नव्हेत. एकदा खर्च झाले की पुढची काही वर्षं जे आणलं त्यावरच भागवायचं. म्हणून आधी थोडा अभ्यास केला.

स्टिरिओ म्हणजे काय? आता डोळे मिटा आणि ताईला खोलीत कुठेही उभी राहून चुटकी वाजवायला सांगा. चुटकी कुठे वाजली ते तुम्ही बोटानं अचूक दाखवाल. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि जरा मोठा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लूमलीन या इंजिनिअरने १९३१ साली याच तत्त्वावर दोन वाटांनी ध्वनी टिपण्याच्या आणि ऐकवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. डावीकडचा आवाज डाव्या स्पीकरमधून आणि उजवीकडचा उजव्या. मग गाणारा दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा आहे असा भास होतो!

एका रविवारी आम्ही पाचही जण एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. विक्रेते दादा म्हणाले, "मॅडम, हा घ्या! हजारो वॉट!" छातीएवढा उंच स्पीकर, त्यावर रंगीत दिवे. मुलाचे डोळे चमकले.

पण मुलांनो, वॉटच्या आकड्याला भुलायचं नसतं. खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून मोठमोठे आकडे छापतात. तो क्षणभराचा जोर असतो आणि तो मोजायची ठराविक अशी पद्धत नाही. 'आरएमएस' वॉट किती ते विचारायचं. ती सलग मिळणारी शक्ती. शिवाय वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. जेमतेम ३ डेसिबल वाढतो, म्हणजे 'थोडा मोठा झाला वाटतं' इतकाच. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहा पट लागते! दहा बाय बाराच्या खोलीत चांगल्या स्पीकरला वीस-तीस वॉटही पुरतात.

आमच्या पैशांत बसणारे तीन प्रकार होते. तो दिव्यांचा मोठा खोका, टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, म्हणजे साउंडबार, आणि पुस्तकांच्या कपाटात मावतील अशी लाकडी पेट्यांच्या दोन स्पीकरची जोडी. अ‍ॅम्प्लिफायर जोडीतच बसवलेला.

डी. एड.ला आम्हाला शिकवलं होतं, मुलांना उत्तर सांगू नका, प्रयोग करू द्या. म्हणून मी सगळ्यांना कागदाची एकेक चिठ्ठी दिली. तीन गाणी ठरली. आजोबांचे पलुस्कर, मुलीचं आवडतं सिनेमातलं गाणं आणि मुलाचा नाशिक ढोल. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. एक काळजी मात्र घ्यायची. तिन्हींचा आवाज सारखाच मोठा ठेवायचा, कारण जे जरा मोठ्यानं वाजतं ते कानाला उगीचच चांगलं वाटतं. ह्यांनी मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपनं तो सारखा केला.

ढोलाला मुलानं मोठ्या खोक्याला दहापैकी दहा दिले. खरंच, जमीन हादरली. जोडीला त्यानं सहा दिले. पण म्हणाला, "आई, यात ढोल कमी हलतो, पण ताशा वेगळा कळतो." मुलगी जोडी ऐकून चकित झाली. "हे गाणं मी शंभरदा ऐकलंय. मागे दोघी जणी गातात हे आज कळलं!" आजोबांनी खोक्याला चार दिले, पट्टीला पाच. जोडीच्या वेळी त्यांनी गुण लिहिलेच नाहीत. गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसले आणि मग म्हणाले, "तंबोरा ऐकू आला."

बेरीज जोडीचीच जास्त झाली. मुलगा रुसला. त्याचे दहा गुण मी खोडले नाहीत, उलट दर रविवारी अकरा वाजता पहिला ढोल त्याचा असं ठरवलं. पैसे देण्याआधी पक्कं बिल, वॉरंटी आणि दुरुस्ती नाशिकमध्येच होते का हे विचारून घेतलं. आजोबांचा जुना टेपरेकॉर्डर याला जोडता येतो का तेही पाहिलं. हेडफोनच्या भोकातून वायर आणली की येतो! कपाटातल्या कॅसेट पुन्हा बाहेर आल्या.

घरी आल्यावर मुलानं पेच टाकला. "आजोबांची जुनी गाणी तर एकाच वाटेनं रेकॉर्ड केलेली. त्यांना दोन स्पीकर कशाला?" प्रश्न बरोबर होता. १९५२ सालच्या 'बैजू बावरा'त पलुस्कर आणि उस्ताद अमीर खाँ यांची जुगलबंदी आहे, तीही 'मोनो', म्हणजे एकाच वाटेची. पण गंमत अशी, की मोनो गाणं दोन्ही स्पीकरमधून सारखंच येतं आणि आवाज बरोबर मधोमध उभा राहतो. तो मध्ये उभा राहिला नाही तर समजा, मांडणी चुकली.

मांडणी सोपी आहे. दोन स्पीकर आणि तुम्ही असा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण करा. आम्ही सहा-सहा फूट ठेवले. स्पीकर कानाच्या उंचीवर हवेत. कोपऱ्यात कोंबू नका, जाड आवाज घुमतो. उघड्या फरशीवर सतरंजी अंथरा, खिडकीला पडदा लावा, प्रतिध्वनी कमी होतो. आणि स्पीकरच्या वायरीचं अधिक अधिकला, उणे उणेला. एका बाजूला उलटं जोडलं तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला गवई नाहीसा होतो. हा प्रयोग मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, बटण बंद करून मगच करा हं!

आणि हो, शेजारच्यांनाही कान आहेत! २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमच्या घरी नऊ वाजताच आवाज खाली येतो, कारण भिंतीपलीकडे दहावीची मुलगी अभ्यास करते.

तुमच्या घरी असं काही घ्यायचं ठरलं तर आई-बाबांना हा लेख वाचून दाखवा. दुकानात जाताना चिठ्ठ्या न्या, प्रत्येकाचं एक गाणं न्या. आणि घरात ज्यांनी हल्ली ऐकणंच सोडलंय, त्यांचं गाणं सगळ्यांत आधी लावायला सांगा.