कर्णनादाचे समुपदेशन आणि फोनवरची शांतता

कर्णनादाच्या, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात ऐकू येणाऱ्या नादाच्या समुपदेशनात गप्प केव्हा राहावे हे कळणे सर्वांत अवघड असते, आणि हे काम स्मार्टफोनवर आल्यापासून ती अडचण वाढली आहे. समोर बसलेला समुपदेशक प्रश्न विचारून थांबला, की बहिरेपणाचे किंवा डोक्यातल्या गाठीचे भय रुग्णाच्या तोंडून आपसूक बाहेर पडते. फोनवर मात्र त्याच क्षणी विट्याच्या यंत्रमागांवर उमेदीची वर्षे काढलेल्या कामगाराला कानातली शिट्टी अधिकच जाणवू लागते, तर पाटणच्या डोंगराळ भागातला रुग्ण रेंज गेली असे समजून ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो.

त्यातच अनेक मोबाइल यंत्रणा बोलणारा थांबताच ध्वनी पाठवणे जवळजवळ बंद करतात आणि फोन तुटल्यासारखे वाटू नये म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूला कृत्रिम मंद खरखर भरतात. रोखून धरलेला श्वास, हुंदक्याची सुरुवात, हे त्यात गळून जाते, आणि समुपदेशक ज्या शांततेचा अर्थ लावत बसतो ती रुग्णाच्या घरातली नसतेच. वयोमानाने ज्याला उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे झाले आहेत अशा जुन्या समुपदेशकाला ‘स’ आणि ‘श’ यांतला फरकही फोनवर कळत नाही. तरीही तो व्हिडिओ कॉल मागायला कचरतो, कारण नुसत्या आवाजावरून माणूस ओळखतो हा अभिमान त्याने जन्मभर जपलेला असतो.

कर्णनादाचा जाच आवाजाच्या मोठेपणापेक्षा मेंदू त्याला धोक्याची सूचना मानतो म्हणून वाढतो, हा विचार पावेल यास्त्रेबोफ यांनी 1990 साली मांडला. पुढे स्वीडनमध्ये गेऱ्हार्ड अँडरसन व सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून दिलेल्या संज्ञानात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे त्रासदायक विचार आणि सवयी बदलण्याच्या पद्धतीची, चाचणी 2002 साली प्रसिद्ध केली. तो उपचार मुख्यतः लेखी होता, त्यामुळे बोलता बोलता पडणाऱ्या खंडाचा प्रश्नच त्यात नव्हता; सांगली-साताऱ्याकडच्या वयस्क रुग्णाला मात्र लिहिण्यापेक्षा बोलूनच मोकळे व्हायचे असते.

कानातला आवाज कायमचा घालवण्याची हमी देणारी ॲप आणि तेले विकणारे या कामाचे फार नुकसान करतात, कारण हमी फसली की रुग्ण समुपदेशनावरचाही विश्वास गमावतो. एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा नाद आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवणे तर अत्यावश्यकच आहे.

ज्या मिरजेच्या तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा सूर रुग्णाच्या खोलीत कानातल्या नादापेक्षा किंचित खालच्या पातळीवर चालू ठेवला, की बोलण्यातले खंड त्याला तितके रिकामे वाटत नाहीत. पण एकसारखा सूर गोंगाट समजून फोन तोही गाळतो, आणि समुपदेशकाला प्रत्येक खंडानंतर ‘आता काय ऐकू येतंय?’ असे विचारावे लागते. ज्या आवाजावरून लक्ष हटावे म्हणून हा सारा खटाटोप, त्याच आवाजाकडे तो प्रश्न रुग्णाला पुन्हा वळवतो.