एक मुक्काम, दोघांचा

मैत्रिणींनो, प्रवासवर्णन म्हटलं की काश्मीर, केरळ, नाहीतर परदेश असंच काहीतरी डोळ्यांपुढे येतं. माझं वर्णन तेवढ्या लांबचं नाही. डोंबिवलीहून सकाळी निघावं आणि दुसऱ्या दिवशी रात्री खिचडीला घरी परतावं, एवढंच त्याचं अंतर. पण या एका मुक्कामाने आमच्या संसाराला काय दिलं, ते सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले.

आधी घरची माणसं सांगते. आम्ही तिघं. मी, हे आणि सासूबाई. (समोर मी ह्यांना नावानेच हाक मारते, पण लिहायला बसलं की सासूबाईंच्या वळणाने ‘हे’च उमटतं. असो.) लग्नाला चार वर्षं झाली. घर दोन खोल्यांचं. माझी सकाळची सात बाराची लोकल. ह्यांची कंपनीत पाळी, त्यातही बहुतेक वेळा दुसरी. म्हणजे मी संध्याकाळी घरी येते तेव्हा हे कामावर आणि हे रात्री साडेबाराला येतात तेव्हा मी अंथरुणात. आमचं बोलणं फ्रिजच्या दारावर चालायचं. ‘गॅस नोंदवला.’ ‘आईंच्या गोळ्या संपल्या.’ ‘उद्या पाणी नाही.’

दोन वर्षांपूर्वी मला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आले, दहाव्या दिवशी लोकलमध्ये उभी होते. सगळे म्हणाले, “होतं असं. पुढचं बघा.” आम्हीही पुढचं बघायला लागलो, म्हणजे फ्रिजच्या चिठ्ठ्या लिहायला लागलो. त्या गोष्टीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. रात्री कुलूप उघडल्याचा आवाज आला की मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायची.

सात-आठ महिने असे गेले. मग एका रविवारी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता माझ्यापुढे दोन हजार रुपये ठेवले. म्हणाल्या, “तुम्ही दोघं कुठंतरी जाऊन या.”

“अहो आई, तुम्ही एकट्या कशा राहाल?”

“कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात मला,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

माथेरान, पायी

ह्यांची सुट्टी मंगळवारी. मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली. महिना नोव्हेंबरचा. आदल्या रात्री दशम्या केल्या. कणीक दुधात भिजवली की त्या दोन दिवस मऊ राहतात आणि सोबत लसणाची चटणी असली की बाहेरच्या खाण्यावर अर्धा पैसा वाचतो. कर्जत लोकल पकडून नेरळला उतरलो. मनात होतं की त्या छोट्या गाडीने वर जायचं. दोन फूट रुंदीचे रूळ, एकवीस किलोमीटरची वळणं. पीरभाय कुटुंबाने १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला. पण खिडकीशी पोचलो तर तिकिटं संपलेली! पहिल्याच पावलाला ठेच. ह्यांचा चेहरा पडला, माझा चढला. “आधी विचारायला नको होतं?” हे माझं वाक्य, आणि “तूच का नाही विचारलंस?” हे त्यांचं. बऱ्याच दिवसांत आम्ही एकमेकांशी बोललेलं हे पहिलं लांब वाक्य, हे मला नंतर जाणवलं.

शेवटी माणशी भाड्याच्या टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. तिथून पुढे मोटारगाडी जात नाही. माथेरान हे मोटारींना बंदी असलेलं गाव. रुग्णवाहिकेसारखी गरजेची वाहनं आणि अलीकडे सुरू झालेल्या मोजक्या ई-रिक्षा सोडल्या तर घोडा नाहीतर आपले पाय. घोडेवाल्याने सांगितलेला भाव ऐकून आम्ही पायांची निवड केली. बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर चाल आहे. तांबडी माती, दोन्ही बाजूंना झाडांची दाटी, वर पानांतून उतरणारं ऊन. मैत्रिणींनो, पांढरी सलवार नेसून माथेरानला जाऊ नका! माझी गुडघ्यापर्यंत विटकरी झाली, ती आजतागायत निघालेली नाही.

१८५० साली ठाण्याच्या मॅलेट नावाच्या कलेक्टरने ही जागा इंग्रजांच्या नजरेत आणली, म्हणून पॉइंटांची नावं सगळी साहेबी. लुईझा, अलेक्झांडर, गार्बट, पॅनोरमा. आम्ही सगळे पॉइंट काही पाहिले नाहीत आणि तुम्हालाही तेच सांगेन. दोन पाहा, पण बसून पाहा. शार्लोट तलावाच्या काठी पिसरनाथाचं देऊळ आहे. तिथं दर्शन घेतलं आणि दशम्यांचा डबा उघडला, तो एका माकडाने माझ्या मांडीवरून चटणीसकट उचलला. झाडावर बसून त्याने एक दशमी खाल्ली, चटणी चाखली आणि असं काही तोंड केलं, की आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मला रडू आलं. हे काही बोलले नाहीत, नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला.

संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त पाहिला. समोर प्रबळगड काळा होत गेला. लोक पांगले. परत येताना वाटेवर अंधार. तुम्हाला सांगते, जिथं हॉर्न वाजत नाही तिथला अंधार वेगळाच असतो. आपली चाल आपल्याला ऐकू येते. त्या अंधारात हे एकदम म्हणाले, “तू झोपेचं सोंग घेतेस, ते मला कळायचं.”

मी गप्प.

“आणि मला बरं वाटायचं. बोलावं लागणार नाही म्हणून.”

चेहरे दिसत नव्हते म्हणूनच बहुधा, त्यानंतर बाजाराचे दिवे दिसेपर्यंत आम्ही दोघंही बोललो. ते काय, ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की मला वाटत होतं रडण्याचा हक्क माझ्या एकटीचा आहे, आणि ह्यांना वाटत होतं की तो त्यांना नाहीच.

सासूबाईंसाठी चिक्की नेली. त्यांच्या दातांना ती चालत नाही, हे घरी आल्यावर आठवलं.

डब्यातले पाचशे

तेव्हापासून आमचा नियम ठरला. दोन महिन्यांतून एक मुक्काम. पैशासाठी जुना कॉफीचा डबा काढला. महिन्याला पाचशे मी टाकायचे, पाचशे ह्यांनी. डब्यात जेवढे असतील तेवढंच लांब जायचं, कार्डाला हात लावायचा नाही. एकदा डबा मिक्सरच्या दुरुस्तीत रिकामा झाला, तेव्हा आम्ही कल्याणच्या खाडीवर संध्याकाळी भेळ खाल्ली आणि तोच मुक्काम समजलो. आमच्यासारखी पाळी असेल तर आठवड्यातले मधले दिवस धरा. खोलीही स्वस्त मिळते आणि गर्दीही नसते.

घरात फार मोठा फरक पडला असं नाही. लोकल तीच, पाळी तीच. पण रात्री साडेबाराला मी आता कधी कधी उठून बसते. दूध गरम करते. दहा मिनिटं बोलतो आणि झोपतो. चिठ्ठ्या अजून लिहितोच, पण परवा एका चिठ्ठीखाली ह्यांनी माकडाचं चित्र काढलं होतं.

तिथीची पाऊणपट

फाल्गुनात अलिबागला जायचं ठरलं. गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग. (पावसाळ्यात लाँच बंद असतात, ते ध्यानात असू द्या.) अलिबागचं नाव काढताच सासूबाईंनी विचारलं, “कुलाब्याच्या किल्ल्यात जाणार? त्या दिवशी तिथी काय आहे?”

त्यांचं माहेर चौलचं, अलिबागहून पुढे रेवदंड्याच्या वाटेवर. कालनिर्णय पाहून मी सांगितलं, “तृतीया.”

“मग तीनची पाऊणपट कर. सव्वादोन. सव्वादोनला भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. आठला आत शिरा, दहाला बाहेर या.”

हे मोबाइल काढून बसले. त्यात भरतीची वेळ पाहिली तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक! किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशोब करत आलीत. तिथीचा आकडा घ्यायचा, पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. तुम्हीही करून पाहा. अर्थात पाण्यात पाय घालण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारायचंच.

सकाळी आठला किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र मागे सरकलेला आणि किल्ल्यापर्यंत ओली वाळू नि खडक. चपला हातात घेऊन चालत गेलो. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला हा किल्ला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. देवळाच्या पायरीवर आम्ही बसलो ते बसलोच. मी पावणेदहाला उठले. हे म्हणाले, “बसू या अजून पाच मिनिटं.” ती पाच मिनिटं अर्ध्या तासाची झाली.

परतताना जिथून कोरडे आलो होतो तिथं पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला, आणि मधल्या घळीत गुडघ्यापर्यंत. पायाखालची वाळू सरकते तेव्हा पोटात कसं होतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. घोडागाडीवाला जवळून जाताना ओरडला, “ताई, थांबू नका, सरळ चला!” ह्यांनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही न थांबता चाललो. किनाऱ्याला लागल्यावर म्हणाले, “आईचं ऐकायला हवं होतं.” चार वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं!

दुपारी गावात फिरताना चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकाचे काटे विचलित होतील, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं. इमारत मुद्दाम चुंबकत्व नसलेल्या सामानाची बांधली. मला ते फार पटलं. नाजूक काटा गोंगाटात खरं दाखवत नाही. त्याला थोडं बाजूलाच न्यावं लागतं.

पांढऱ्या कांद्याची वेणी

सासूबाईंसाठी या वेळी चुकलो नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी घेतली. या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गोडसर, कच्चा खावा असा. घरी आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. सासूबाईंनी वेणी हातात घेतली, एक कांदा सोलला, नाकाशी धरला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग खिचडी वाढता वाढता, जसं काही मिठाचं सांगावं तसं म्हणाल्या, “ह्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. चौललाच. अकरा दिवसांची होऊन गेली.”

ह्यांचा घास हातातच राहिला. बत्तीस वर्षांत त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

“बाराव्या दिवशी विहिरीवर पाणी भरायला गेले. तुझे वडील मुंबईला, महिन्याने आले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग विचारायचं राहूनच गेलं.” माझ्याकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, “तुमचं तसं होताना दिसत होतं. म्हणून म्हटलं, जाऊन या.”

मी उठून त्यांच्याजवळ बसले. त्या रात्री खिचडी गार झाली, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत अशी एखादी असेलच. तिला “मग, गोड बातमी कधी?” असं विचारू नका. मलाही विचारू नका. असेल तेव्हा असेल. विचारायचंच तर “कशी आहेस?” एवढं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. आणि घरातल्या जुन्या बाईलाही कधीतरी तेच विचारा. तिची तर कित्येक वर्षं कुणी चौकशीच केलेली नसते.

वेणी स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली आहे. डब्यात सध्या साडेतीन हजार आहेत. पुढचा मुक्काम चौलचा, आणि या वेळी जाणारी माणसं तीन. सासूबाईंनी कालनिर्णयावर तारखेला खूण केली आहे. दशमी आहे. मी पाऊणपट केली: साडेसातला भरती. म्हणजे सकाळी समुद्र अगदी दाराशी आलेला असेल.