तिवराचा भाव

छत्तीस वर्षे मी विम्याच्या कचेरीत काढली. जळालेले गोदाम, बुडालेली होडी, भिजलेली साखरेची पोती यांची किंमत ठरवणे हा माझा धंदा. त्या धंद्याने एक खोड लागते. लग्नघरी गेलो तरी नजर आधी मांडवाच्या कापडाकडे जाते आणि मनात आकडा उभा राहतो. घरच्यांना याची सवय आहे; पाहुण्यांना नसते, म्हणून मी गप्प बसतो.

निवृत्तीनंतर मुलाबरोबर ठाण्याच्या खाडीकाठी राहायला आलो. आमच्या गच्चीतून तिवरांचे रान दिसते. दिसते म्हणायचे, बघत कोणी नाही. थंडीत रोहित पक्षी पाहायला लोक दुर्बिणी घेऊन येतात, पण तिवरांची वसाहतीतली कीर्ती म्हणजे चिखल, डास आणि ओहोटीचा वास. या रानातून रस्ता काढावा असा एक अर्ज यंदा घरोघर फिरला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडला. सूनबाई सही करणारच होती. तिचे रोजचे साडेतीन तास जाण्यायेण्यात जातात. नातू तिची वाट पाहत झोपी जातो. हे मी रोज पाहतो, त्यामुळे तिला निसर्गावर प्रवचन ऐकवण्याचा मला काय अधिकार?

तरी म्हटले, "सहीआधी मालाची किंमत तरी काढ."

"तुम्हीच काढा, बाबा. तुमचा धंदाच तो!"

झाले! मी वही उघडली.

लाकूड म्हणून पाहिले तर तिवर म्हणजे सरपण. पण ओहोटीला जवळून पाहा. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी शेकडो मुळे वर आलेली असतात. झाड त्यांनी श्वास घेते. याच मुळांत गाळ अडकतो, लाटेचा जोर मोडतो, कोलंबीची आणि माशांची पिल्ले लपून वाढतात. पाणी ओसरले की बाया निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला चिखलात उतरतात. त्यांची कमाई कुठल्या जमाखर्चात आहे?

विमेवाल्याला खरा विश्वास दाव्यांवर. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाला महाचक्रीवादळाने झोडपले. पुढे संशोधकांनी भितरकणिकेच्या परिसरातल्या तीन गावांतले नुकसान मोजले. तिवरांच्या आडोशाच्या गावात घरटी नुकसान सुमारे ३३ डॉलर. जिथे तिवरे नव्हती पण बांध होता, तिथे सुमारे १५४! नुसत्या बांधाच्या भरवशावरचे गाव सर्वांत जास्त बुडाले. सौदामिनी दास यांच्या अभ्यासात तर केंद्रपाड्याकडच्या ज्या गावांपुढे तिवरांचा पट्टा रुंद होता, तिथे माणसेही कमी दगावल्याचे दिसले.

आपल्याकडचे म्हणाल तर २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. नंतरचे कित्येक आठवडे माझ्या मेजावर भिजलेल्या मोटारींच्या आणि दुकानांच्या फायली होत्या. सगळे खापर तिवरतोडीवर फोडणे बरोबर नाही. भरतीची वेळ होती, नालेही तुंबले होते. पण मिठीच्या मुखाकडची दलदल आणि तिवरे भराव घालून आपण आधीच आटवली होती. मोटारींची भरपाई आम्ही दिली. पाणी सामावून घेणाऱ्या त्या जागेची किंमत एकाही फायलीत नव्हती. न आलेल्या पुराची पावती कोण फाडणार?

१९९७ साली कॉस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या अशा फुकट चाकरीची किंमत वर्षाला ३३ लाख कोटी डॉलर काढली होती. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला, आणि मलाही तो पचत नाही. माझी भीती मात्र निराळी आहे. एकदा वस्तूची किंमत लागली, की ती मोडायला माणूस कचरत नाही; पैसे भरले की झाले! मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली तिवरांची नासधूस म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला असे ठरवले, ते मला म्हणूनच आवडले. हक्काला भाव नसतो. पण लोकहिताच्या कामाला न्यायालयाच्या परवानगीची वाट त्यातही आहेच, आणि ती मागायला जाताना दोन्ही बाजूंचा हिशेब हातात हवा.

सूनबाईने वही वाचली. शांतपणे म्हणाली, "माझे साडेतीन तास कुठल्या पानावर आहेत?"

ते शेवटच्या पानावर होते. ते मी गाळले नव्हते. तिच्याकडूनच हळूहळू विचारून घेतले होते. त्यातला सव्वा तास निव्वळ बसथांब्यावर जातो, आणि तिथे रस्त्याची कमतरता नाही, बसची आहे. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग तिने अर्ज उलटा केला, कोऱ्या बाजूवर 'स्टेशनपर्यंत दर दहा मिनिटांनी बस मिळावी' असे लिहून खाली सही ठोकली, आणि मला म्हणाली, "आता तुमची."

दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी तो कागद दोनदा उलटसुलट केला आणि चष्मा मागवला.