काळं पाणी, निळं पाणी

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसले आहे. मधे दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, मग थंडी, मग घरातली लग्नं. त्यातच २०२५ च्या फेब्रुवारीत लेक, जावई आणि नातवाबरोबर अंदमानला जाऊन आले. सेल्युलर जेलबद्दल आपल्या मराठी माणसांनी इतकं लिहिलंय की मी वेगळं काय लिहिणार? सातांपैकी उरलेल्या तीन इमारती पाहिल्या, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडले, डोळे पुसले. पण आज मला लिहायचंय ते दुसऱ्याच एका दिवसाबद्दल. तो दिवस म्हणजे हॅवलॉक बेटावरून स्पीडबोटीने एलिफंट बीचला गेलो तो.

आधी नावांचा घोळ निस्तरते. हॅवलॉक हे नाव १८५७ चा उठाव मोडणाऱ्या इंग्रज सेनापतीचं. २०१८ च्या डिसेंबरात या बेटाचं 'स्वराज द्वीप' झालं, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं 'श्री विजयपुरम'. पण बोटवाले, रिक्षावाले अजून हॅवलॉकच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.

आदल्या रात्री जेवताना लेक म्हणाली, "उद्या स्नॉर्केलिंगला जायचंय. तुझंही नाव दिलंय."

मी म्हटलं, "तुम्ही जा पाण्यात. मी किनाऱ्यावर बसेन, सामान सांभाळेन."

ती हसली नाही. म्हणाली, "आई, तू जन्मभर चपलाच सांभाळत आलीस."

मला ते लागलं. लागलं, कारण खरं होतं.

त्याचं कारण सांगायचं तर ६५ वर्षं मागे जायला हवं. वाईच्या वरच्या अंगाला कृष्णेकाठी आमचं गाव. धोम धरण तेव्हा व्हायचं होतं. उन्हाळ्यात नदी रोडावायची, पण घाटाच्या खालच्या बाजूला एक डोह होता, तो कधी आटायचा नाही. त्याचं पाणी काळंशार दिसायचं. गावातली पोरं पाठीला सुका भोपळा बांधून नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधून तिथेच पोहायला शिकायची. माझा दादा त्यांच्यातला पट्टीचा पोहणारा. मी काठावर बसून पोरांचे सदरे आणि चपला सांभाळायची. दादाने मला कबूल केलं होतं, "पुढच्या सुट्टीत तुलाही भोपळा बांधून शिकवीन. आईला सांगू नकोस."

ती पुढची सुट्टी आली नाही. १९६० च्या मे महिन्यात दादा त्याच डोहात गेला. चौदा वर्षांचा होता. मी नऊ वर्षांची, आणि त्या दिवशीही त्याच्या चपला माझ्याच जवळ होत्या. त्या घेऊन मी घरी आले, एवढंच मला नीट आठवतं.

त्यानंतर आई कधी घाटावर गेली नाही. मला तर नदीच्या बाजूची वाटही बंद झाली. 'पाण्याचा भरवसा नसतो' हे वाक्य आमच्या घरात दिवसातून एकदा तरी उच्चारलं जायचं. इतिहासाच्या पुस्तकात 'काळे पाणी' वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंदमान आलंच नाही, आमचा डोह आला.

मग मी मोठी झाले, बी.ए. झाले, शिक्षिका झाले. मराठी माझा विषय, पण शिक्षक कमी पडले की भूगोलही शिकवावा लागायचा. 'प्रवाळ बेटे' हा भाग मी किती वर्षं शिकवला असेन! फळ्यावर खडूने गोल काढायचा, मधे खाजण दाखवायचं, 'लक्षद्वीप' असं उदाहरण लिहायचं. प्रवाळ म्हणजे पोवळं एवढंच मुलांना कळायचं, आणि खरं तर मलाही.

१९८७ साली लेक सातवीत होती. आम्ही राहायचो त्या गावात नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव नुकताच सुरू झाला होता. तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या. तिने फॉर्म आणला, स्वतःच्या अक्षरात भरला आणि पालकांच्या सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. मी सही केली नाही. कारणही सांगितलं नाही. "अभ्यास कर," एवढंच म्हटलं. तो फॉर्म आठ दिवस फडताळात पडून होता, मग दिसेनासा झाला. तिने पुन्हा विषय काढला नाही.

पुढे शाळेची सहल गणपतीपुळ्याला न्यायचो तेव्हा मी शिट्टी घेऊन वाळूत उभी असायची. कुणालाही गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिथला समुद्र दगाबाज आहे आणि दुसऱ्यांची मुलं आपल्या भरवशावर असतात. पण तलावाला कठडा होता, शिकवणारे होते. तिथे मी मुलीचा जीव जपला नाही, माझी भीती जपली. हा फरक कळायला मला फार वर्षं लागली.

लेक पोहायला शिकली ती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. मला वर्षभर सांगितलं नाही. "जिमला जाते," म्हणायची. एकदा नातू बोलता बोलता बोलून गेला, तेव्हा कळलं. दोन मुलांची आई असलेल्या बाईला पोहण्याचा पोशाख आईपासून लपवून वाळत घालावा लागत होता! मी त्यावर काही बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर असा हा सगळा इतिहास माझ्या पिशवीत घेऊन मी सकाळी हॅवलॉकच्या जेटीवर उभी राहिले.

जेटीवर नावं, वयं लिहून घेतात. आपण आपल्या जबाबदारीवर पाण्यात उतरतो आहोत असा एक फॉर्मही भरायचा असतो. लेकीने माझा फॉर्म भरला आणि पेन माझ्या हातात दिलं. "सही कर," म्हणाली. तिच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक, माझ्या मात्र आलं. मी सही केली.

स्पीडबोट म्हणजे फायबरची हलकी होडी, मागे इंजिन. सगळ्यांना नारिंगी लाइफ जॅकेटं घालून त्यांचे पट्टे ओढून बांधतात. माझ्या वयाच्या वाचकांना एक सूचना: बोटीत मागच्या बाजूला बसा. पुढचं टोक लाटेवर उचलून आपटतं आणि पाठीचे मणके मोजून घेतं. जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, पण मी पूर्ण वेळ लोखंडी दांडी धरून होते. नातू ओरडत होता, "आजी, डोळे उघड!" उघडले तेव्हा एका बाजूला दाट हिरवं जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलेलं आणि खाली पाणी... शाईची दौत सांडावी तसं निळं, आणि किनारा जवळ आला तसं फिकं होत होत काचेसारखं.

एलिफंट बीच हे नाव उगीच नाही. या बेटांवर लाकूडतोडीसाठी हत्ती आणले होते आणि ते समुद्रात पोहायचे. हॅवलॉकचा राजन नावाचा हत्ती तर पोहण्यासाठीच जगभर प्रसिद्ध झाला. २०१६ साली तो गेला. एवढा हत्ती पोहतो आणि मी काठावर बसणार, असं मनात आलंच. किनाऱ्यावर प्रचंड झाडं आडवी पडली आहेत, उन्हापावसाने पांढरी झालेली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने पाडलेली ही झाडं. ती बघून माझं उरलंसुरलं धैर्य गेलं. पाण्याचा भरवसा नसतो, हे तिथे लाकडात लिहून ठेवलंय.

आम्हाला पाण्यात नेणारा मुलगा बंगाली, विशी-बाविशीचा. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात या बेटावर वसवलं, त्यांच्यापैकीच कुणाचा तरी नातू-पणतू. त्याने कमरेएवढ्या पाण्यात उभं करून शिकवलं. मुखवट्यात नाक बंद होतं, रबराचा तुकडा दातांत धरायचा आणि नळीतून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. मी तोंड पाण्यात घातलं, घाबरून नाकाने श्वास घ्यायला गेले, तो मिळेना, तोंड उघडलं आणि खारं पाणी घशात! ठसका, उमाळे, डोळ्यांत पाणी. मी सरळ बाहेर आले आणि एका पडलेल्या ओंडक्यावर जाऊन बसले. समोर आमच्या चौघांच्या चपला होत्या. म्हटलं, आपली जागा हीच.

लेक मागून आली आणि शेजारी बसली. समजूत घातली नाही, आग्रह केला नाही. आणि काय झालं कोण जाणे, मी तिला दादाचं सांगितलं. तो डोहात गेला हे तिला माहीत होतं, माझ्या आईकडून. पण त्या चपलांचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. भोपळा बांधून शिकवायचं कबूल केलेलंही नाही. आणि मग म्हटलं, "त्या वर्षी तुझ्या फॉर्मवर मी सही करायला हवी होती."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी तेवढी हुशार नाही म्हणून तू नाही म्हणालीस. अभ्यास कर म्हणालीस ना."

अडतीस वर्षं पोरगी हे मनात घेऊन होती! कारण सांगितलं नाही की मुलं आपापलं कारण शोधतात, आणि ते बहुतेक वेळा स्वतःच्या विरुद्धच असतं. मी एवढी वर्षं शिक्षिका, मला हे कळू नये?

थोड्या वेळाने तो बंगाली मुलगा परत आला. त्याच्या हातात रबराचं गोल कडं होतं. म्हणाला, "माताजी, इसको पकडो. मैं छोडूँगा नहीं." कडं हातात घेतलं आणि वाटलं, अरे, हा तर भोपळा! आला की शेवटी.

या खेपेला एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला लेक. तोंड पाण्यात घातलं, पाच श्वास मोजले. मग दहा. मग मोजायचं विसरले.

मंडळी, काय सांगू! नव्या भिंगांमुळे चष्म्याशिवाय लांबचं दिसतंच, त्यात पाण्याखाली मुखवट्यातून प्रत्येक वस्तू पाव अंतराने जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. मेंदूसारख्या वळ्या असलेलं प्रवाळ, काळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका अगदी हाताशी, आणि एक हिरवा-निळा पोपट मासा खडक कुरतडत होता. त्याचा कट-कट आवाज चक्क ऐकू येतो. तो प्रवाळ खातो आणि त्याची वाळू करून बाहेर टाकतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत त्याचाही वाटा.

मात्र बराच भाग करडा, मेलेला होता, तेही सांगायला हवं. प्रवाळ म्हणजे इवल्या इवल्या जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना अन्न देतं आणि रंगही. समुद्र जास्त तापला की हे शैवाल बाहेर टाकलं जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उष्णता टिकली तर मरतं. २०१० साली अंदमानात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं. म्हणून जाणाऱ्यांना विनंती: प्रवाळावर पाय ठेवू नका. मेलेला तुकडासुद्धा उचलून आणू नका, कायद्याने बंदी आहे.

मी पाण्यात किती वेळ होते? लेक म्हणते वीस मिनिटं. बाहेर आल्यावर पाय लटपटत होते आणि मी लहान मुलीसारखी बडबडत होते. नातवाने नारळपाणी आणून दिलं. लेकीने माझे केस पुसले. मी तिचे पुसायची तसेच, जरा जोरात.

मला पोहता येतं असं मात्र कुणी समजू नका. कडं सुटलं असतं तर मी गटांगळ्याच खाल्ल्या असत्या. भीतीही गेलेली नाही. परतीच्या बोटीत दांडी तितकीच घट्ट धरली होती. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावं, सकाळी हलकंच खावं आणि जॅकेट काढू नये. मात्र मुलांना 'नाही' म्हणायची वेळ आली, तर कारण सांगा. तेवढं नक्की करा.

असो. निघायची वेळ झाली तेव्हा मला एकदम आठवलं आणि धस्स झालं. आम्ही सगळेच पाण्यात, मग चपलांपाशी कोण होतं? घाईघाईने ओंडक्यापाशी गेले.

कुणीच नव्हतं. चारही जोड जिथल्या तिथे होते.