शिष्यवृत्ती की वसतिगृह?

स्मरणिका समितीच्या पत्रात ‘शाळेच्या आठवणी’ असा विषय दिला होता. आठवणी माझ्यापाशी पुष्कळ आहेत. परंतु ज्या वर्षी आपल्या वसतिगृहाचे काय करायचे हा प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या सभेपुढे आला आहे, त्या वर्षी केवळ आठवणींत रमणे मला जमले नाही. म्हणून हा लेख थोडा हिशेबाचा झाला आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

सभेपुढील सूचना बहुतेकांना ठाऊक आहे. इमारत जुनी झाली, पत्रे गळतात, स्वयंपाकी टिकत नाहीत, अनुदानाचा हप्ता वेळेवर येत नाही. तेव्हा वसतिगृह टप्प्याटप्प्याने बंद करावे आणि माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून होतकरू मुलामुलींना थेट शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे काही बंधुभगिनींचे म्हणणे आहे. सूचना मांडणारे आपलेच आहेत आणि त्यांची कळकळ खरी आहे. पैसा सरळ लाभार्थ्याच्या खात्यात गेला की मधली गळती थांबते, हा युक्तिवाद आज मंत्रालयापासून ग्रामसभेपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. परंतु तो नवा मात्र नाही. त्याचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी देऊन झाले आहे, आणि ते देणाऱ्याची तसबीर आपल्या सभागृहात आहे.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेबांचे भाषण झाले. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, त्याच्या अवघे आठ दिवस आधी. तळ्याचा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. या भाषणाची आठवण फारशी कोणी काढत नाही, कारण ते आकड्यांचे आहे. मला मात्र ते आकड्यांमुळेच आवडते. सरकार माणशी शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि अबकारी कराच्या रूपाने माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. जितके अबकारीतून घेता, निदान तितके तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ १८ पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे पटावरची नावे मोजून सरकारने समाधान मानू नये.

त्याच भाषणात ते शिष्यवृत्तीच्या प्रश्नाकडे वळले. अस्पृश्य विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्याची सरकारची रीत त्यांना व्यर्थ वाटत होती. ती रक्कम आईबापांना घरखर्चाची मदत वाटते, मुलाच्या शिक्षणापर्यंत ती पोहोचत नाही. शिवाय ज्या परिस्थितीत मूल राहते ती परिस्थिती शिष्यवृत्तीने बदलत नाही. त्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करावा, असे त्यांनी सांगितले. हे केवळ पुस्तकी मत नव्हते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले होते. त्याआधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली होती. अस्पृश्य मुलांचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ पासून सर्व जातींची मुले एका छपराखाली आणून एका पंगतीला बसवली. शिक्षणाची कळकळ असलेल्या या तिन्ही माणसांना आपापल्या वाटेने एकच गोष्ट सापडली होती, ती म्हणजे मुलाला शाळेत घालण्यापूर्वी त्याच्या राहण्याची सोय लावावी लागते.

ही गोष्ट माझ्या घरात कशी खरी ठरली ते सांगते. माझे आईवडील ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घेतलेली असे, आणि तोडीच्या भाषेत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. त्यामुळे आई मुलांसाठी मागे राहील हा प्रश्नच नव्हता. पाचवीत मला या वसतिगृहात जागा मिळाली. माझ्या पाठच्या बहिणीला मिळाली नाही, कारण मुलींची खोली त्या वर्षी भरली होती. ती माझ्याहून हुशार होती. पाढे तिला माझ्याआधी येत. गावच्या शाळेत तिचे नाव पटावर होते, पुस्तके मिळाली होती, फी माफ होती. दिवाळीनंतर ती मात्र फडावर, कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असे. चैत्रात परत येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असे. तिसऱ्या वर्षी ती शाळेत परतली नाही. सरकारने तिला काही दिले नाही असे म्हणता येणार नाही. जे दिले ते सारे शाळेच्या इमारतीत होते, आणि ती इमारतीत नव्हती.

मला इथे जे मिळाले त्याची यादी कोणत्याही शासन निर्णयात सापडणार नाही. पहाटेची घंटा, संध्याकाळच्या वंदनेनंतर दोन तास चालणारा अभ्यास, खरजेचे मलम, थंडीत दोघींत एक वाकळ, आणि ‘आज गणित झालं का?’ असे रोज विचारणारे एक मोठे माणूस. जेवणात बहुधा ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण. सुगीत गावोगावचे लोक पायलीपायलीने धान्य आणून देत. अनुदान थकले की ताटातली भाजी आधी नाहीशी होई; भाकरी कधी नाहीशी झाली नाही.

पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न पाहिला. १९९२ पासून दुर्बल घटकांतील मुलींना रोजचा १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. त्याच्या याद्या मी वर्षानुवर्षे लिहिल्या. (शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या कायद्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड होता, आपल्या काळी तो रुपया उलट दिशेने जाऊ लागला, याची मला गंमत वाटे.) भत्त्याची रक्कम एकदम हाती आली की तिचे काय होई ते गावात सर्वांना माहीत होते. किराणा दुकानातली उधारी फिटे. इथे मला बाबासाहेबांच्या निदानात नम्रपणे एक भर घालावीशी वाटते. आईबापांना त्या पैशाचा हेतू कळत नाही, असे त्यांनी म्हटले होते. माझ्या समोरच्या आयांना तो पुरेपूर कळत होता. पण ज्या घरात तेलमीठ संपलेले असते तिथे रुपयावर हेतू लिहिलेला टिकत नाही. हा अज्ञानाचा दोष नव्हे. रोख रक्कम घरातल्या सर्वांत मोठ्या भुकेकडे जाते, आणि शिक्षण ही सर्वांत मोठी भूक क्वचितच असते. वसतिगृहातली भाकरी मात्र दुसऱ्या कोणाकडे वळवता येत नाही.

आज हा वाद पुन्हा रोख रकमेच्या बाजूने झुकला आहे. अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्याच नावाने स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० अशा रकमा तिच्यात ठरल्या. योजना वाईट आहे असे मी म्हणणार नाही. वसतिगृहे अपुरी आहेत आणि सतरा-अठरा वर्षांचे मूल खोली घेऊन राहू शकते. तरीही माझ्या भाच्याचा अनुभव असा, की खोलीचे भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावे लागले आणि रक्कम वर्ष संपताना आली. मधले महिने त्याने रात्री एका खानावळीत काम केले. ज्या कार्यालयात तो खेटे घालत होता तिथल्या लिपिकाने त्याला धीर धरायला सांगितले. अकरा वर्षांच्या मुलीला असा धीर धरता येत नाही. वसतिगृहाचे अनुदानही उशिरा येते हे खरे; पण तो उशीर संस्था सोसते, वाणी सोसतो, गाव सोसते. थेट रकमेतला उशीर एकट्या मुलाच्या अंगावर पडतो. ‘गळती थांबली’ म्हणताना हा भार कोठून कोठे गेला ते आपण पाहत नाही.

शाळांविषयीच्या इतर चर्चांतही राहण्याचा प्रश्न असाच बाजूला पडतो. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के जागांवरून मोठे वादंग झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली आणि जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. निकाल योग्यच झाला. पण फडावर गेलेल्या मुलाला एक किलोमीटर कोठून मोजायचा? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हाही चर्चा बसगाडीची झाली. आपल्यासारखी वसतिगृहे दाखवून उद्या कोणी वाडीवरची पहिली-चौथीची शाळा बंद करू पाहील, तर त्याला आपण विरोध केला पाहिजे. सहा वर्षांच्या लेकराची जागा आईजवळ आहे, आणि आई जिथे असेल तिथे शाळा नेणे हे सरकारचे काम आहे.

सभेत आणखी एक आक्षेप आला: आपण वर्गणी काढून छप्पर घालत बसलो तर सरकार अंग काढून घेईल. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच सांगितले होते, की सरकारी तिजोरी कष्टकऱ्यांच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. अनुदान हा आपला हक्क आहे. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करावा म्हटले त्याला साठ वर्षे होत आली; २०२० च्या धोरणात तोच आकडा पुन्हा छापला गेला. तेव्हा मुलांचे जेवण, अधीक्षकांचे व स्वयंपाक्यांचे मानधन यांसाठी पाठपुरावा, शिष्टमंडळ, गरज पडल्यास न्यायालय, हीच वाट. तिथे वर्गणीने भागवण्याची सवय लावू नये. वर्गणी इमारतीसाठी असावी. इमारत आपली आहे, आणि ती उभी राहिली तरच अनुदान मागायला आपल्याला जागा उरते.

दुरुस्तीचे अंदाजपत्रक कार्यालयात ठेवलेले आहे. मी ते दोनदा वाचले. मुलींच्या खोलीचे पत्रे आणि त्याखालच्या कैच्या यांचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देत आहे. त्या खोलीत आणखी आठ खाटा मावतील असे गवंडी म्हणतो. मुलांच्या खोलीचे आणि स्वयंपाकघराच्या धुराड्याचे कोण घेणार, ते पुढच्या सभेत ठरावे. पावसाळ्यापूर्वी ठरले तर बरे.