म्हाळसा-बानूचं भांडण

मुलांनो, जेजुरीचा गड चढताना निम्म्या वाटेवर बानाईचं देऊळ लागतं, ते पाहिलंत का? खंडोबा आणि म्हाळसा मात्र वर गडावर. एकाच घरातली ही मंडळी अशी वरखाली का बरं राहतात?

याचं उत्तर वाघ्या-मुरळींच्या गाण्यात आहे. माझ्या लग्नानंतर घरी जागरण झालं, तेव्हा दिमडी-तुणतुण्याच्या साथीवर मी ते रात्रभर ऐकलं. म्हाळसा ही नेवाशाच्या वाण्याची लेक, खंडोबाची पहिली बायको. एकदा सारीपाटात देव तिच्याशी हरले आणि पणाप्रमाणे बारा वर्षांसाठी घराबाहेर पडले. चंदनपुरीला धनगराच्या वाड्यावर मेंढ्या राखू लागले. तिथल्या बानूवर त्यांचं मन जडलं. तिच्याशी लग्न करून ते जेजुरीला परतले. मग काय विचारता! म्हाळसा बानूच्या मेंढ्या काढते, बानूही तिला सडेतोड उत्तर देते. शेवटी वाटणी होते. वरचा गड म्हाळसेचा, निम्मी वाट बानूची.

ऐकणारे हसत होते. मला मात्र म्हाळसेचं वाईट वाटलं. इतकी वर्षं वाट पाहायची आणि दारात उभी कोण, तर सवत! राग येणारच की.

इंग्रजीतही अशी जुनी कथागीतं आहेत. त्यांना 'बॅलड' म्हणतात. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकांनी इंग्लंड-स्कॉटलंडची अशी ३०५ गाणी १८८२ ते १८९८ या काळात छापली. त्यांतलं एक आहे दोन बहिणींचं. ते १६५६ सालीही छापलेलं सापडतं. दोघींचं प्रेम एकाच तरुणावर, पण त्याचा जीव धाकटीवर. थोरली भांडत नाही, रुसत नाही. धाकटीला गोड बोलून पाण्याकाठी नेते आणि ढकलून देते! पुढे एक वादक धाकटीच्या हाडांची आणि केसांची वीणा करतो, आणि ती वीणा आपोआप गाऊन थोरलीचं नाव सांगते.

दोन्ही गाण्यांत मत्सर तोच. पण म्हाळसा तोंडानं भांडली, म्हणून दोघींनाही जागा मिळाली. थोरलीनं सगळं पोटात ठेवलं आणि बहीण जिवाला मुकली.

माझ्या तिसरीच्या वर्गात एका मुलीनं जिवलग मैत्रिणीची वही टराटरा फाडली होती. का? तर मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसायला गेली म्हणून. त्याआधी दोन दिवस ही गप्प गप्पच होती. एकदा जवळ घेतल्यावर मात्र रडत रडत सगळं बोलली. दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून नव्या वहीला कव्हर घातलं.

हेवा सगळ्यांनाच वाटतो, बरं का. धाकट्या भावाचे लाड झाले, मैत्रिणीचा पहिला नंबर आला, की आत टोचतंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते आईला सांगा, बाबांना सांगा, बाईंना सांगा. आणि पालकांनो, मूल सांगायला आलं, तर "असं मनात आणू नये" म्हणून त्याला गप्प करू नका. आधी ऐकून तर घ्या!